गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी

कोसंबी हे नाव उच्चारले की आपल्या बौद्ध घरांतून प्रथम धर्मानंदांचे स्मरण होते. पाली वाङ्मय मराठीत आणणारे, भगवान बुद्धांचे चरित्र दंतकथांच्या धुक्यातून बाहेर काढून माणसाच्या चरित्रासारखे मांडणारे ते धर्मानंद कोसंबी. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि सिद्धार्थाचा गृहत्याग यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला. पुढे बाबासाहेबांच्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाचा प्रसंग त्याच तंट्याच्या आधारे उभा राहिलेला दिसतो. त्यामुळे धर्मानंदांचे ऋण आपल्या समाजास ठाऊक आहे. त्यांचे चिरंजीव दामोदर हे मात्र आपल्याकडे इतिहासकार म्हणून थोडेफार, आणि गणितज्ञ म्हणून जवळजवळ मुळीच परिचित नाहीत. वस्तुतः गणित हाच त्यांचा पेशा होता. इतिहासाकडे ते गणिताच्या वाटेने आले, आणि ही वाट कशी होती हे सांगण्यासाठीच हा चरित्रलेख आम्ही लिहीत आहोत.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्या वेळी वडील घरी नव्हते म्हटले तरी चालेल. धर्मानंदांनी ज्ञानासाठी १८९९ मध्येच घर सोडले होते. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरत ते सिंहलद्वीपास पोहोचले व तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली. परतल्यावर कलकत्त्यास अधिक वेतनाची विद्यापीठीय नोकरी मिळालेली असताना ती त्यांनी सोडली, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी देऊ केलेले दरमहा ५० रुपये पत्करले. याच सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. एकाच राजाच्या औदार्यातून दोन निरनिराळ्या दारांनी बुद्धविचार आधुनिक महाराष्ट्रात आला, ही गोष्ट इतिहासाच्या अध्यापकास लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने बोलावले होते. १९१८ मध्ये ते दुसऱ्यांदा तेथे निघाले तेव्हा कन्या माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना सोबत घेऊन गेले. मुलाचे शालेय शिक्षण हार्वर्डच्या शेजारी, केंब्रिज गावातच झाले. मधली दोन वर्षे भारतात काढून तो १९२६ मध्ये हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. बर्कहॉफ यांच्यासारख्या नामांकित गणितज्ञाने त्याला केवळ गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. तो त्याने ऐकला नाही. ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इतिहास असे जे जे हाती लागले ते ते शिकून घेतले. पुढे आयुष्यभर त्यांनी डॉक्टरेट घेतली नाही, ही गोष्ट आजच्या पदव्यांच्या बाजारात नमूद केलीच पाहिजे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. दामोदर कोसंबी जन्माने सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील. विद्वान पिता, हार्वर्डचे ग्रंथालय पायाखालच्या वाटेवर, बालपणापासून जगाच्या भाषा कानांवर. अशी सुरुवात आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला आली? बुद्धिमत्ता सर्व घरांत जन्म घेते, पण दार सर्वांना उघडे मिळत नाही. हे ध्यानात ठेवूनच त्यांच्या कर्तृत्वाकडे पाहावे. तसे पाहिल्यावरही आदर कमी होत नाही. कारण मिळालेली विद्या त्यांनी ज्या रीतीने वापरली, ती रीत जातीतून येत नाही. कोणासही शिकता येते.

१९२९ मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी प्रथम काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवले. त्यानंतर अलीगढच्या मुस्लिम विश्वविद्यालयात आंद्रे व्हेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने त्यांना बोलावून घेतले. पुढे विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत गणना झालेले हे गृहस्थ तेव्हा अलीगढला विभागप्रमुख होते आणि थट्टेखोर स्वभावाचे होते. त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एका प्रबंधात बुर्बाकी नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या सिद्धांताचा आधार गंभीरपणे दिला. काही वर्षांनी फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने बुर्बाकी हेच सामूहिक टोपणनाव घेतले आणि त्या नावाने लिहिलेल्या ग्रंथांनी जगभरचे गणिताचे अध्यापन बदलले. ते नाव गणिताच्या शोधनिबंधात प्रथम छापले गेले ते एका मराठी माणसाच्या लेखणीतून! एरवी चेहऱ्यावर करडेपणा असलेल्या कोसंबींच्या चरित्रातील हा मिस्कील प्रसंग आम्हास फार आवडतो.

१९३३ पासून सुमारे बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. याच महाविद्यालयात पूर्वी धर्मानंदांनी पाली शिकवली होती. कोसंबींचे अत्यंत महत्त्वाचे गणिती कार्य याच काळात झाले. १९३३ मध्ये जर्मनीतील प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांचा मार्गांच्या भूमितीवरील निबंध प्रसिद्ध झाला. विषय कठीण आहे, पण गाभा सांगता येतो. सामान्यतः आपण आधी पृष्ठभाग घेतो आणि मग त्यावरील सर्वांत सरळ वाट शोधतो. कोसंबींनी प्रश्न उलटा केला. वाटा कशा वळतात हे सांगणारी समीकरणेच हाती असतील, तर त्या वाटा जिच्यात सरळ ठरतील अशी भूमिती कोणती? फ्रान्सचे श्रेष्ठ भूमितिकार एली कार्तान यांनी या निबंधावर आपले विवेचन त्याच नियतकालिकात छापले. पुढे चिनी गणितज्ञ चर्न यांनी त्यात भर घातली. आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तान-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो, आणि क्रमात पहिले नाव पुण्याच्या प्राध्यापकाचे आहे. १९३४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक त्यांना मिळाले.

१९४३ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रावर एक निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात लिहिला. गुंतागुंतीच्या, सतत बदलणाऱ्या माहितीच्या ढिगातून तिचे मुख्य घटक महत्त्वाच्या क्रमाने कसे वेगळे काढावेत, याची ती पद्धत होती. हीच पद्धत १९४७ मध्ये कारहुनेन यांनी आणि १९४८ मध्ये लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे शोधली, आणि जगाने ती त्यांच्याच नावाने ओळखली. वाहत्या द्रवातील भोवऱ्यांच्या अभ्यासापासून यंत्राने चेहरे ओळखण्यापर्यंत आज तिचा उपयोग होतो. भारतात छापलेला निबंध परदेशी विद्वानांनी पाहिलाच नाही. कोठे लिहिले यावर कोणाचे ठरते, हा अनुभव आपल्या समाजास नवा नाही.

त्यांचे तिसरे काम शेतकऱ्याच्या मुलांना सहज समजेल. ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राण्यांचे व वनस्पतींचे गुण गुणसूत्रांवर, जणू दोऱ्यात मणी ओवावेत तसे, एका ओळीत असतात. पुढची पिढी जन्मते तेव्हा जोडीतील दोन दोऱ्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. दोन मणी जितके दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक. म्हणजे ताटातूट किती वेळा झाली हे मोजले की अंतर कळेल. अडचण एवढीच की दोन मण्यांच्या मधे दोनदा अदलाबदल झाली तर मणी पुन्हा एकत्र येतात आणि ताटातूट झालीच नाही असे वाटते. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्यास अडथळाही येतो. हॅल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या जुन्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरून सूत्र सुधारले. शंभरात २० वेळा ताटातूट दिसली, तर हॅल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. भात, गहू, ज्वारी अशा पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना जगभरचे पैदासकार आजही कोसंबींचे सूत्र वापरतात. आपल्या रानातल्या ज्वारीशी कोसंबींचे नाव असे जोडलेले आहे.

आता नाण्यांकडे वळतो, कारण गणितज्ञ कोसंबी इतिहासात शिरले ते नाण्यांच्या हाताने. बुद्धकाळानंतरच्या शतकांत चालणारी चांदीची आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर निरनिराळे ठसे मारून तयार केलेली नाणी, पुष्कळ सापडलेली आहेत. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. विद्वान ठशांच्या आकृत्या पाहून तर्क लढवीत बसत. कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचा विचार असा की, टांकसाळीतून निघताना सर्व नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात, ती व्यवहारात हातोहात फिरली की झिजतात. जितका काळ फिरतील तितके सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढतो. हे त्यांनी आधी आपल्या काळातील चालू नाण्यांवर तपासले आणि मगच प्राचीन नाण्यांकडे वळले. हजारो नाणी एकेक करून तोलली. तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांच्या मागील बाजूस बारीक ठसे होते. ते सराफांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीचे असावेत असे त्यांना दिसले, कारण मागे ठसे जितके अधिक तितके नाणे सरासरीने हलके. अशा रीतीने ज्या नाण्यांवर अक्षर नव्हते त्यांच्याकडून त्यांनी काळाचा क्रम वदवून घेतला. फेब्रुवारी १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, एका विख्यात अमेरिकी विज्ञान मासिकात त्यांनी हीच पद्धत सामान्य वाचकांसाठी उलगडून सांगितली.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि नाणे कोणाच्या हिताने चालते हे दाखवले. कोसंबींनी नाणे कोणाकोणाच्या हातांतून फिरले हे दाखवले. आम्ही दोन्ही कामे शेजारी ठेवून मुलांना शिकवावीत अशा मताचे आहोत. सिद्धेश्वरसारख्या ठिकाणी प्रयोगशाळा नाही ही सबब येथे चालत नाही. वर्ष छापलेली एक-दोन-पाच रुपयांची नाणी आणि दागिने तोलण्याचा छोटा काटा एवढ्या साहित्यावर आठवी-नववीची मुले सरासरी आणि विचलन म्हणजे काय हे शिकू शकतात. गणित आपले नव्हे, ते दुसऱ्यांचे, असे आपल्या वस्त्यांमधून मुलांच्या मनावर कोण ठसवतो हे आम्हास ठाऊक नाही. ठसवले जाते एवढे मात्र खरे. बुद्ध विज्ञाननिष्ठ होते असे जयंतीच्या मंचावरून आपण मोठ्याने सांगतो आणि घरी आल्यावर मुलीला गणित सोडून सोपा विषय घ्यायला सांगतो.

१९४५ मध्ये होमी भाभांनी कोसंबींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबींनी पुणे सोडले नाही. डेक्कन क्वीनने ये-जा करीत. १९४८-४९ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत जाऊन त्यांनी तेव्हा नव्यानेच उदयाला येत असलेल्या गणकयंत्रांचा अभ्यास केला, शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांची भेट घेतली. याच सुमारास भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, शेकडो हस्तलिखिते ताडून, त्यांनी प्रसिद्ध केली. संस्कृतचे रीतसर शिक्षण नव्हते. काम हाती घेतले आणि कामातून भाषा शिकली.

सुट्टीच्या दिवशी ते पायी निघत. पुण्याभोवतीच्या टेकड्या, धनगरांच्या वाटा, म्हसोबा-वेताळाची ठाणी, दगडी हत्यारांचे तुकडे, कार्ल्याची आणि जुन्नरची लेणी. आपल्याकडे कोणतेही लेणे दिसले की पांडवांनी एका रात्रीत कोरले म्हणतात, नाशिकच्या लेण्यांना तर पांडवलेणी हेच नाव पडले आहे. कोसंबींनी मात्र दात्यांची नावे वाचली. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि त्याच गावचा एक सुतार यांची नावे कोरलेली आहेत. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान आहे. लेणी घाटांच्या तोंडाशी आणि व्यापारी मार्गांच्या सांध्यावर का आहेत, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले : विहार हे तांड्यांचे आश्रयस्थान होते, भांडवलाचे केंद्र होते आणि व्यापाऱ्यांच्या दानावर उभे होते. आमच्या मराठवाड्यातील पैठण, तेर, भोकरदन ही प्राचीन व्यापारी नगरे आणि पितळखोरे, औरंगाबाद, अजिंठा येथील लेणी एकाच नकाशावर मांडून पाहिली की हे सूत्र आपल्या भूमीतही लागू पडते.

१९५६ मध्ये, बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा प्रस्तावनाग्रंथ प्रसिद्ध झाला. राजांच्या वंशावळीऐवजी नांगर, गोधन, चांदी आणि श्रम यांना त्यांनी इतिहासात स्थान दिले. यज्ञातील पशुहत्या ही शेती करणाऱ्या समाजास परवडणारी राहिली नव्हती आणि बुद्धांचा अहिंसाविचार त्या नव्या समाजाची गरज होता, हे त्यांचे प्रतिपादन आपल्या धम्मवर्गांतून अवश्य शिकवले जावे.

त्यांची सर्वच मते आम्हास मान्य आहेत असे नाही. ते मार्क्सवादी होते. बौद्ध धम्माच्या ऱ्हासाचे कारण त्यांनी मुख्यतः विहारांच्या वाढत्या संपत्तीत आणि समाजापासून त्यांच्या दुराव्यात शोधले. बाबासाहेबांनी पुष्यमित्र शुंगाच्या प्रतिक्रांतीवर आणि पुढे परकीय आक्रमणांवर जो भर दिला, तो कोसंबींच्या मांडणीत उणा पडतो. जातीला त्यांनी उत्पादनव्यवस्थेच्या चौकटीत पाहिले. जात सोसणाऱ्याला ती केवळ उत्पादनव्यवस्था वाटत नाही. परंतु विहार श्रीमंत झाले की काय होते, हा त्यांचा प्रश्न संस्था चालवणाऱ्या आपणा सर्वांना टाळता येण्यासारखा नाही.

शेवटची वर्षे कठीण गेली. जागतिक शांतता चळवळीत ते उघडपणे काम करीत. अणुशक्तीवर देशाचा पैसा ओतण्यापेक्षा सूर्याची उष्णता वापरावी असे ते जाहीरपणे मांडीत, आणि ज्या संस्थेत नोकरी होती तिचे प्रमुखच देशाच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होते. त्यातच १९५९ मध्ये त्यांनी रीमान यांच्या १८५९ पासून न सुटलेल्या प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने दिल्याचा दावा केला आणि तो निबंध कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. ती सिद्धता टिकली नाही. जाणकारांनी ती नाकारली, आणि नाकारणे योग्यच होते. चरित्रलेखक पुष्कळदा हा भाग गाळतात. आम्ही तो मुद्दाम सांगतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावा मागितला, त्याच्याकडेही पुरावा मागितला गेला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. मतभेद, दुसऱ्या विषयांत रमणे, रीमान प्रकरण अशी अनेक कारणे सांगितली जातात. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हा गणितज्ञ नोकरीविना झाला.

लिहिणे थांबले नाही. १९६२ मध्येच भारतीय लोकपरंपरांवरील ग्रंथ आला. पुढच्या वर्षी अविभाज्य संख्यांच्या वाटणीवरील त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञपद दिले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ निघाला. सामान्य वाचकाने कोसंबी वाचावयास घ्यावेत ते येथून, असे आमचे मत आहे. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न वर्षांचे होते. वडील धर्मानंद १९४७ च्या जून महिन्यात सेवाग्राम येथे, अन्नत्याग करून, शांतपणे गेले होते.

मरणोत्तर सन्मान सावकाश आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० मध्ये त्यांना पुरस्कार दिला, २००८ मध्ये टपाल तिकीट निघाले, आणि गणित व संख्याशास्त्रावरील त्यांच्या निवडक निबंधांचा संग्रह २०१६ मध्ये, मृत्यूनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दरम्यान त्यांच्या कन्या, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी आजोबांचे निवेदन हे मराठी आत्मचरित्र इंग्रजीत आणले. १९४३ चा तो संख्याशास्त्राचा निबंधही २०१६ च्या संग्रहात आहे, आणि आता गणितज्ञांचा एक वर्ग त्या पद्धतीच्या नावात कारहुनेन व लोएव्ह यांच्या आधी कोसंबी हे नाव लिहू लागला आहे.